आजोबा निमूट बसतात, काका भांडतात : जुन्या लेन्सेसबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदराच्या शेवटी मी एक ओळ लिहून गेलो : घरात जुनी लेन्स पडून असेल तर भंगारात देऊ नका, आधी मला विचारा. ती ओळ मला चांगलीच महागात पडली. टेबलावर पत्रांचा गठ्ठा आहे आणि बहुतेकांचं दुखणं एकच. कॅमेरा एका कंपनीचा, लेन्स भलत्याच कंपनीची : सिग्मा, टॅमरॉन, टोकिना, विविटार. लेन्स वडिलांनी किंवा मामांनी रोलच्या जमान्यात घेतलेली आणि कॅमेरा परवाच्या दिवाळीत हप्त्यांवर आलेला.

या लेन्सेस घराघरात का सापडतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. १९८४ साली मी फोर्टात, बोरा बाजारात एका उस्तादांच्या हाताखाली कॅमेरा दुरुस्ती शिकायला लागलो. लग्नाचे फोटो काढणारी माणसं यायची. कॅमेऱ्याच्याच कंपनीची महागडी लेन्स शोकेसमध्ये डोळे भरून बघायची आणि टॅमरॉन पिशवीत घालून जायची. आम्ही कोणीच त्यांना हसायचो नाही, कारण आमच्या घरीही तेच होतं.

पत्रांकडे वळण्याआधी एक गैरसमज काढतो. लेन्स जितकी जुनी तितकी ती नव्या कॅमेऱ्यावर जास्त कटकट करणार, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात उलटं आहे. १९७५ ची पूर्ण हाताने चालणारी लेन्स म्हणजे घरातले आजोबा. विजेशी संबंध नाही, काही मागत नाहीत, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे योग्य रिंग, म्हणजे जोडणारं कडं, दिली की निमूट बसतात. भांडण होतं ते मधल्या पिढीशी, म्हणजे साधारण १९८७ ते २००५ या काळातल्या ऑटोफोकस लेन्सेसशी. त्यांना कॅमेऱ्याशी बोलता येतं, पण ती बोली त्या काळची, आणि तीही शेजारच्या घरात कान लावून शिकलेली. हे काका. पुढची पत्रं वाचताना तुमच्या हातात आजोबा आहेत की काका, एवढं बघत चला.

प्रश्न : वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याबरोबरची सिग्मा ७०-३०० लेन्स मी माझ्या कॅनन १५००डी वर लावली. बसते छान, फोकसही करते. पण बटण दाबलं की ‘एरर ०१, लेन्सचे कॉन्टॅक्ट साफ करा’ असं येतं. ते सोनेरी ठिपके खोडरबराने घासले, स्पिरिट लावलं. इथल्या एका दुकानात आठशे रुपये देऊन सर्व्हिसिंगही करून घेतलं. तरी तेच. आश्चर्य म्हणजे दहातला एखादा फोटो मात्र निघतो. लेन्स गेली का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : लेन्स ठणठणीत आहे. आठशे रुपये गेले. आणि खोडरबर पुन्हा वापरू नका, त्याचा चुरा माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या कड्याच्या, फटीत जाऊन बसतो.

ते जे दहातला एखादा म्हणता ना, त्यातच सगळं उत्तर आहे. योगायोगाने माझ्या कपाटात हीच लेन्स आहे आणि भाच्याकडे हाच कॅमेरा. परवा दोन्ही समोरासमोर आणले. डायल एव्हीवर (इथे ॲपर्चर आपण ठरवायचं), झूम ७० वर, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधल्या पात्यांचं उजेड आत सोडणारं भोक, एफ ४, म्हणजे पूर्ण उघडं. खटॅक. फोटो आला. पुन्हा खटॅक, पुन्हा आला. मग चाक फिरवून एफ ८ केलं, म्हणजे भोक लहान केलं. आरसा उचलला गेला, लेन्समध्ये काहीतरी अर्धवट खरखरलं आणि स्क्रीनवर तोच मजकूर. बंद करून चालू केलं, एफ ४ वर आणलं : पुन्हा सुरळीत. तुमचा तो दहातला एखादा फोटो संध्याकाळी किंवा घरात काढलेला असणार. उजेड कमी असल्यामुळे कॅमेऱ्याने स्वतःच ॲपर्चर पूर्ण उघडं निवडलं असणार.

आता कारण. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणला, तेव्हा लेन्स आणि बॉडी (म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) यांच्यामधली सगळी यांत्रिक देवाणघेवाण काढून टाकली. तेव्हाच्या निकॉनमध्ये बॉडीतली एक छोटी दांडी लेन्सची पाती हलवायची. कॅननमध्ये दांडीच नाही. बॉडी तारेतून निरोप पाठवते, ‘इतकी पाती मिटा’, लेन्समधली मोटर ती मिटवते आणि ‘मिटली’ असं उलट कळवते. या बोलण्याचं व्याकरण कॅननने सिग्माला दिलं नव्हतं. सिग्माने कॅननचे त्या वेळचे कॅमेरे समोर ठेवले, कोणता निरोप कधी जातो ते टिपलं आणि आपली चिप बनवली. त्या कॅमेऱ्यांपुरतं ते बरोबर होतं. पुढे साधारण २००० पासूनच्या बॉडींनी त्याच भाषेतले असे काही शब्द वापरायला सुरुवात केली, जे आधीच्या बॉडींनी कधी वापरलेच नव्हते. कॅननच्या स्वतःच्या १९८७ च्या लेन्सेसना पूर्ण व्याकरण पाठ, त्यांना काहीच अडचण नाही. सिग्माची चिप मात्र ‘पाती मिटा’ या निरोपावर गडबडते. पाती मिटायचीच नसतील, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं असेल, तर तो निरोप जातच नाही आणि फोटो निघतो. कॅमेरा कॉन्टॅक्टला दोष देतो, कारण लेन्स गडबडली की तो दुसरं काही बोलायला शिकलेलाच नाही.

सिग्मा एके काळी अशा काही लेन्सेसची चिप फुकट बदलून द्यायची. तुमच्या वयाच्या लेन्ससाठी ती वेळ केव्हाच टळून गेली. तेव्हा दोन मार्ग.

पहिला सरळ. लेन्स कायम पूर्ण उघडी वापरा : ७० ला एफ ४, ३०० ला एफ ५.६. या जातीच्या झूम ३०० च्या टोकाला उघड्या ॲपर्चरवर जरा मऊ दिसतात, त्यामुळे २०० च्या अलीकडे थांबा. पोरांचे, गाईगुरांचे, बंधाऱ्यावरच्या बगळ्यांचे फोटो उत्तम येतील.

दुसरा मार्ग उस्तादी आहे, पण मजेचा. वडिलांचा फिल्म कॅमेरा अजून चालतो का? त्यात सेल घाला, सिग्मा लावा, ॲपर्चर एफ ८ ठेवा. समोरून लेन्सच्या बुडाशी डेप्थ ऑफ फील्डचं छोटं बटण असेल (काही मॉडेलांत नसतं), ते दाबून ठेवा. पाती मिटल्याचा बारीक आवाज येईल. बटण न सोडता लेन्स फिरवून काढून घ्या. लेन्सला परत उघडायचा निरोप मिळालाच नाही, त्यामुळे पाती एफ ८ वरच राहतात. मागून डोकावून बघा, लहान झालेलं भोक दिसेल. आता लेन्सच्या सोनेरी कॉन्टॅक्टवर पातळ चिकटपट्टी नीट बसवा आणि १५००डी वर लावा. कॅमेरा ॲपर्चरच्या जागी ००  दाखवेल, त्याला वाटेल समोर लेन्सच नाही. फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं चित्र, मोठा करून. मी अशी पट्टी लावून कोजागरीचा चंद्र काढलाय. पट्टी चांगल्या प्रतीची घ्या, नाहीतर उन्हात गोंद वितळून आत उतरतो आणि मग दुकानदाराचे आठशे रुपये खरंच लागू होतात.

आणि हो, उद्या मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेला नवा कॅमेरा, घेऊन मधे कॅननचाच ॲडॅप्टर लावला की प्रश्न सुटेल असं कोणी सांगेल. तो ॲडॅप्टर निरोप जसेच्या तसे पुढे पोचवतो. काका तिथेही भांडणार.

प्रश्न : मामांच्या निकॉनबरोबर टॅमरॉनची ९० एमएम एफ २.५ मॅक्रो (बारीक वस्तू जवळून टिपणारी) लेन्स मिळाली. मी निकॉन झेड ५ वापरते. दुकानदार म्हणतो एफटीझेड (जुन्या निकॉन लेन्सेस झेडवर बसवणारा निकॉनचा) ॲडॅप्टर घ्याच, त्याशिवाय चालणार नाही. यंदा कासला ही लेन्स न्यायची आहे. लेन्सच्या मागची निकॉनची रिंग हातात निघून आली, ती मोडली का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मोडली नाही, ती निघण्यासाठीच आहे. ताई, तुमच्या हातात या गठ्ठ्यातली सगळ्यात गुणी वस्तू आहे.

टॅमरॉनने त्या काळी एक हुशारी केली होती. प्रत्येक कंपनीसाठी वेगळी लेन्स बनवण्याऐवजी लेन्स एकच बनवायची आणि मागची रिंग तेवढी वेगवेगळी विकायची. निकॉनची रिंग काढा, पेंटॅक्सची लावा, लेन्स पेंटॅक्सची झाली. याला ‘अ‍ॅडॅप्टॉल’ म्हणायचे. तुमच्या लेन्सवर ‘अ‍ॅडॅप्टॉल-२’ असं कोरलेलं असेल, ही १९७९ पासूनची पिढी. स्टुडिओवाल्यांना हे वरदान होतं : कॅमेरा विकला तरी लेन्स विकावी लागत नसे. निघालेली रिंग खुणेला खूण जुळवून परत बसवा, ‘टिक’ असा आवाज आला पाहिजे.

आता ॲडॅप्टर. इथे थोडं गणित, पण चौथीचं. लेन्स माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने ठरवून घेतलेलं असतं. जुन्या निकॉन एफचं ४६.५ मिलिमीटर, कारण मधे आरसा हलायला जागा हवी. तुमच्या झेडमध्ये आरसाच नाही, तिथे हे अंतर फक्त १६ मिलिमीटर. ४६.५ मधून १६ वजा केले, राहिले ३०.५. म्हणजे ३०.५ मिलिमीटर लांबीची पोकळ नळी मधे घातली की लेन्सला आपण जुन्याच घरात आहोत असं वाटतं. नळीत काच नाही, तार नाही, काही नाही. तुमची लेन्स हाताने फोकस होते, हाताने ॲपर्चर बदलते, तिला तारेचं करायचंय काय? एफटीझेड चांगली वस्तू आहे, पण ती चिप आणि मोटर असलेल्या निकॉन लेन्सेससाठी. या लेन्ससाठी साधी एफ-टू-झेड रिंग पुरे.

ती रिंग घेताना मात्र दुकानातच लावून हलवून बघा. कुईकुई करत डुलली तर परत द्या. स्वस्त रिंगा मुद्दाम केसभर आखूड करतात, म्हणजे दूरचं फोकस नक्की मिळतं. त्यामुळे लेन्सवरचं अनंताचं चिन्ह आणि प्रत्यक्ष अनंत यात थोडा फरक पडेल. मॅक्रोला त्याने काही बिघडत नाही.

हेच गणित उलटं केलं की काही जोड्या का जमत नाहीत ते कळतं. ४२ एमएम आट्यांची लेन्स, म्हणजे एम४२, तिचं अंतर ४५.४६. ती निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, लावायची तर रिंगेची जाडी उणे एक मिलिमीटर हवी! अशी रिंग बोरा बाजारातही मिळत नाही. मग मधे काच घातलेले ॲडॅप्टर विकतात आणि ती काच लेन्सची सगळी अब्रू घालवते. मिररलेसने हा प्रश्न एका फटक्यात संपवला. सोनी १८, कॅनन आरएफ २०, झेड १६ : जुन्या जगातली जवळपास प्रत्येक लेन्स यांच्यापुढे लांबच आहे, म्हणून नळीला जागा उरते.

झेड ५ मध्ये सेन्सर हलवून फोटो स्थिर करायची सोय आहे, पण लेन्स मुकी असल्यामुळे तिला ९० एमएम हे कळत नाही. मेनूत नॉन-सीपीयू लेन्स डेटा आहे, तिथे ९० आणि २.५ भरून ठेवा. हे बहुतेक लोक विसरतात आणि मग ‘जुनी लेन्स हलते’ म्हणून बोंब मारतात. फोकस पीकिंग चालू करा, जिथे फोकस बसतो तिथल्या कडा रंगीत दिसतात. पण मॅक्रोला नुसत्या रंगावर विसंबू नका, व्ह्यूफाइंडर मोठा करूनच बघा.

आता कास. ही लेन्स जास्तीत जास्त अर्ध्या आकारापर्यंत जाते, सेन्सरपासून ३९ सेंटिमीटरवर. अर्धा आकार म्हणजे सीतेच्या आसवांचं सेंटिमीटरभर फूल सेन्सरवर पाच मिलिमीटर पडणार. सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, म्हणजे चौकटीचा सातवा हिस्सा. फूल चौकटभर हवं असेल तर ही लेन्स एकटी पुरायची नाही. पण दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पतीची चिकट केसांची आख्खी फांदी, तिला अडकलेला डास आणि मागे पसरलेला निळा गालिचा, हे चित्र ती असं काही काढते की नव्या लेन्सवाल्यांनी वळून बघावं. आणि ३९ सेंटिमीटर अंतरामुळे तुमचा गुडघा फुलांवर पडत नाही. पठारावर मला याचं फार वाटतं. चांगल्या फोटोच्या नादात लोक दहा फुलं चिरडतात.

एकच सांभाळा. फिल्म मॅट असते, सेन्सरची काच गुळगुळीत आरशासारखी. जुन्या लेन्सची शेवटची काच सपाट असली की उजेड सेन्सरवरून उलटून तिच्यावर आपटतो आणि परत येतो. ॲपर्चर फार मिटवलं, एफ १६ वगैरे, की फोटोच्या मधोमध एक फिकट डाग दिसू शकतो. डाग बुरशीचा नाही, म्हणून घाबरून लेन्स उघडायला देऊ नका. एफ ८ ते ११ मध्ये राहा. टॅमरॉनने पुढे ‘डीआय’ अक्षरं लावून लेन्सेस काढल्या, त्यात सेन्सरसाठी लेप सुधारला होता. तुमची त्याच्या खूप आधीची आहे.

प्रश्न : निकॉन डी५६०० वर जुनी टॅमरॉन ७०-३०० ऑटोफोकस करत नाही. माझ्या मित्राच्या डी७२०० वर करते. माझा कॅमेरा बिघडलाय का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. लेन्स काढून तिच्या मागच्या धातूच्या कड्याकडे बघा. खालच्या बाजूला स्क्रूच्या डोक्यासारखी खाच दिसेल. मित्राच्या कॅमेऱ्यात एक पेचकसाचं टोक आहे, ते या खाचेत शिरून लेन्स फिरवतं. म्हणजे मोटर कॅमेऱ्यात, लेन्समध्ये नाही. निकॉनने २००६ च्या डी४० पासून स्वस्त बॉडींतून ही मोटर काढून टाकली, तुमची डी५६०० त्याच घराण्यातली. एफटीझेडमध्येही ती नाही, म्हणून झेड घेतलात तरी हाताने फोकस करावा लागेल. त्याच टॅमरॉनची नंतरची, आत मोटर असलेली आवृत्तीही बाजारात फिरते. जुनी विकत घेताना डबा वाचू नका, खाच आणि कॉन्टॅक्ट बघा.

प्रश्न : सावंतवाडीला जुन्या घरात ट्रंकेत एक विविटार २८ एमएम सापडली. चामड्याच्या डब्यात होती. आत पांढरी जाळी दिसते. साफ करून घेऊ का, आणि ही कंपनी चांगली होती का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते जास्त गमतीचं आहे. विविटार ही अमेरिकन कंपनी, पण तिचा लेन्सचा कारखानाच नव्हता. ती जपानी कारखान्यांकडून लेन्सेस बनवून घ्यायची आणि आपलं नाव घालायची. म्हणून ‘विविटार चांगली का’ या प्रश्नाला अर्थ नाही. कोणी बनवली ते विचारायचं. समोरच्या कड्यावरचा नंबर वाचा. पहिले दोन आकडे २२ असतील तर किरॉन, २८ असतील तर कोमिने, ३७ असतील तर टोकिना. तिसरा आकडा बहुधा सालाचा शेवटचा आकडा. कोमिने निघाली तर मी तुमच्या जागी असतो तर आनंदाने उडी मारली असती. उस्ताद नंबर वाचूनच भाव सांगायचे आणि गिऱ्हाईक चक्रावून जायचं.

आता जाळी. अंधाऱ्या खोलीत बसा. ॲपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि समोरून बघा. सुटे ठिपके दिसले तर धूळ, सोडून द्या. धूळ नसलेली जुनी लेन्स मी आजवर बघितली नाही. मुळांसारखे, फाटे फुटलेले दोरे दिसले तर बुरशी. काचभर सारखं दुधट दिसलं तर वंगणाची वाफ बसलेली. कडेला तेलाच्या थेंबासारखे इंद्रधनुष्यी रंग असतील तर दोन काचांना जोडणारा चीक सुटलाय, आणि त्यावर खर्च करू नका.

कोकणातल्या हवेत, त्यातही चामड्याच्या डब्यात, बुरशी आली नसती तरच नवल. चामडं पाणी धरून ठेवतं. तो डबा लेन्सपासून कायमचा वेगळा करा, फार प्रेम असेल तर भिंतीवर टांगा. बुरशी कडेला दोन-चार दोऱ्यांची असेल तर फोटोत काहीही दिसत नाही, फक्त ऊन समोर असताना जरा फिकटपणा येतो. मधोमध असेल तर माहीतगार माणसाकडून साफ करून घ्या, आणि आधीच समजून ठेवा की बुरशीने लेप खाल्ला असेल तर दोरे जातील पण त्यांचा माग काचेवर राहील.

घरी उघडू नका. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. १९८६ च्या पावसाळ्यात उस्ताद जेवायला गेले असताना मी एक १३५ एमएमची लेन्स हौसेने उघडली. बुरशी पुसली, खूश झालो. पण फोकसची आट्यांची नळी काढताना कुठून सुटली त्याची खूण केली नव्हती. त्या नळीला आटे पाच-सहा जागांहून सुरू होतात; एकाच जागेवरून घातली तरच दूरचं फोकस मिळतं. मी घालतोय, समोरच्या इमारतीवरची पाटी बघतोय, धूसर. काढतोय, घालतोय, धूसर. उस्ताद परत आले, बघितलं, काही बोलले नाहीत. दोन दिवस मला तीच लेन्स घेऊन बसवलं. तिसऱ्या दिवशी पाटी वाचता आली. ती एका साड्यांच्या दुकानाची होती. अजूनही नळीवर सुईने ओरखडा काढल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

साफ झाल्यावर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. जेल निळं होतं ते गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळं करा. घरच्यांनी तो तवा वेगळा ठेवायला सांगितला तर ऐका.

प्रश्न : सोनीवर रिंग लावून रशियन बनावटीच्या कॅमेऱ्याबरोबरची एम४२ लेन्स वापरतो. ॲपर्चरचं कडं फिरवलं तरी फोटो तेवढाच उजळ येतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लेन्सच्या मागे एक छोटी पिन आहे, बोटाने दाबून बघा, पाती हलतील. जुना कॅमेरा फोटोच्या क्षणी ती दाबायचा. ती पिन कायम दाबून धरणारा आतला कठडा तुमच्या रिंगेत बहुधा नाही. कठड्याची रिंग मागा, किंवा लेन्सवर ए-एम असा खटका असेल तर तो एमवर टाका. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ हे चालू असणारच, नाहीतर तुमचा एकही फोटो निघाला नसता.

प्रश्न : जुनी सिग्मा, नवीन कॅनन. फोटोत आकाशात गोल गोल वलयं दिसतात, पाण्यात दगड टाकल्यासारखी. शिवाय संगणक भलत्याच लेन्सचं नाव दाखवतो. फोटो चोरलाय असं मित्र म्हणतात. (एक वाचक, मस्कत)

उत्तर : मित्रांना चहा पाजा आणि हे वाचून दाखवा. प्रत्येक कॅनन लेन्स बॉडीला आपला एक क्रमांक सांगते. सिग्मा-टॅमरॉनला स्वतःचा क्रमांक मिळालेला नव्हता, म्हणून त्यांनी कॅननच्या कुठल्या तरी लेन्सचा क्रमांक उसना घेतला. बॉडी त्याला फसते. ती म्हणते, अरे ही तर अमुक लेन्स, हिच्या कडा काळपट येतात, चला उजळूया. आणि तुमच्या लेन्सला नसलेला रोग बरा करायला जाते. ती वलयं त्या औषधाची. मेनूत लेन्स अ‍ॅबरेशन करेक्शनमध्ये जाऊन सगळं बंद करा. सिग्मानेही आपल्या गिऱ्हाइकांना हेच सांगितलं होतं. नाव चुकीचं दिसतं ते दिसू दे.

प्रश्न : माझे वडील जहाजावर होते. त्यांनी सिंगापूरहून आणलेली रिकोची ५० एमएम लेन्स आहे, पेंटॅक्सचा माउंट. मी जुना पेंटॅक्स डिजिटल कॅमेरा घेतलाय. माउंट सारखाच दिसतो. लावू ना? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : थांबा! लेन्स हातात असेल तर खाली ठेवा आणि पुढचं वाचा.

आजोबा निमूट बसतात असं मी वर लिहिलं, त्याला हा अपवाद. रिकोने पेंटॅक्सचाच माउंट वापरला, पण आपल्या काही लेन्सेसमध्ये, नावात ‘पी’ असलेल्यांत, स्वतःची एक जादा पिन घातली. पेंटॅक्सच्या ऑटोफोकस बॉडीत माउंटच्या कड्यावर पेचकसाच्या टोकासाठी भोक असतं. लेन्स फिरवून बसवताना ही पिन नेमकी त्या भोकात पडते आणि अडकते. मग लेन्स पुढेही फिरत नाही, मागेही नाही. अशी एक जोडी माझ्याकडे आली होती. घड्याळाच्या स्प्रिंगचा पातळ तुकडा फटीतून सरकवून पिन उचलायला मला अख्खी दुपार लागली, आणि गिऱ्हाईक समोर बसून नखं खात होतं.

गंमत बघा, त्याच रिकोने २०११ साली पेंटॅक्स विकत घेतली. आता दोघं एकाच घरात आहेत, पण ती पिन जुन्या लेन्सेसमध्ये तशीच आहे.

तुमच्या लेन्सला ती पिन असेलच असं नाही. नावात ‘पी’ नसलेल्या रिको लेन्सेस बिनधास्त बसतात. असली तर ती काढताही येते, दहा मिनिटांचं काम आहे, पण जाणकाराचं. लेन्सचा फोटो पाठवा, मी बघून सांगतो. मागच्या बाजूचा पाठवा. समोरच्या काचेचा फोटो सगळेच पाठवतात, त्यात मला फक्त त्यांचा पंखा आणि ट्यूबलाइट दिसते.